आधी पत्ता, मग जाहिरात : जुन्नर-आंबेगावच्या व्यावसायिकांसाठी

पुणे-नाशिक महामार्गावर मंचर आणि नारायणगाव या दोन्ही गावांना बाह्यवळण रस्ते झाले आणि वर्षानुवर्षं कोंडीत अडकणारे प्रवासी सुटले. पण त्या कोंडीवर ज्यांचा धंदा उभा होता, त्यांचं गणित त्याच दिवसापासून बदललं. गाडी खोळंबली की माणूस खाली उतरायचा, चहा घ्यायचा, समोरच्या पाट्या वाचायचा, जाता जाता द्राक्षाची पेटी किंवा टोमॅटोची पिशवी डिकीत टाकायचा. तो माणूस आता गावाबाहेरच्या बाहेर निघून जातो. खानावळवाल्याची, रसवंतीवाल्याची, बेकरीवाल्याची पाटी जागच्या जागी आहे, ती वाचणारे डोळे मात्र दुसऱ्या रस्त्याला लागले आहेत.

त्याच गाडीत पुढच्या काचेजवळ एक मोबाइल लावलेला असतो आणि त्यावर नकाशा चालू असतो. चालकाशेजारी बसलेलं माणूस त्यावर शोधत असतं: जवळ जेवायला कुठे, पंक्चर कोण काढतं, एटीएम कुठे, ओझरला मुक्कामाची सोय आहे का. ज्याचं उत्तर त्या पडद्यावर नीट सापडतं, त्याच्याकडे गाडी बाह्यवळण सोडून गावात वळते. डिजिटल जाहिरात हा शब्द ऐकला की पुण्या-मुंबईच्या एजन्सी, लाखांचं बजेट, सुंदर मॉडेल असं काही डोळ्यांपुढे येतं. जुन्नर आणि आंबेगावातल्या लहान व्यावसायिकासाठी तिची सुरुवात मात्र इथून, वळायचं की पुढे जायचं या एका निर्णयापासून होते. पुढची पुस्तिका त्या निर्णयाबद्दल आहे.

या मुलखाला व्यापार नवा नाही आणि आपलं नाव लोकांपुढे ठेवणंही नवं नाही. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांवर उतरलेला माल नाणेघाट चढून जुन्नरला यायचा. जुन्नरच्या लेण्यांमधले ब्राह्मी शिलालेख सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे आहेत आणि त्यांत व्यापारी-कारागिरांचा ठळक वावर आहे. धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याचं टाकं दान दिल्याची नोंद तिथे कोरलेली आहे. बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींचीही नावं येतात. हे दान धर्मासाठी होतं, त्याला जाहिरात म्हणणं बरोबर होणार नाही. पण घाटवाटेने येणारा परका व्यापारी ते वाचत असेल, तेव्हा या गावात कोणती श्रेणी भरवशाची आहे, हेही त्याला कळत असेल. पुढे जुन्नरी कागद नावाजला गेला तोही गावाच्याच नावाने.

अलीकडचं आणि जिवंत उदाहरण हवं असेल, तर नारायणगावचं. तमाशाची पंढरी म्हणून हे गाव महाराष्ट्राला माहीत आहे. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचं नाव या गावाशी कायमचं जोडलं गेलं आहे. यात्रांचा हंगाम जवळ आला की फडमालक इथे राहुट्या टाकतात. प्रत्येक राहुटीवर फडाचा फलक, आत मॅनेजर, वही, तारखांचा हिशेब. गावोगावच्या यात्रा कमिट्यांची माणसं येतात, एका राहुटीतून दुसरीत जातात, कलावंत कोण, वग कोणता, गेल्या साली कुठे खेळ झाला, बिदागी किती, हे विचारतात आणि सुपारी ठरते. बारकाईने पाहिलं तर जाहिरातीचं सगळं शास्त्र या राहुट्यांत आहे. योग्य हंगाम. ज्याला विकत घ्यायचं आहे तोच माणूस समोर. ठळक नाव. विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यायला बसलेला जाणता माणूस. आणि मागच्या सालच्या खेळाबद्दल तिसऱ्या गावाने दिलेली साक्ष. मोबाइलवरच्या जाहिरातीचे मोठे मोठे शब्द ऐकून जो गोंधळतो, त्याने नारायणगावच्या राहुट्या आठवाव्यात. लागणारं सारं त्याला आधीपासून ठाऊक आहे, फक्त साधन बदललं आहे.

साधन बदललं ते फार थोड्या वर्षांत. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं आणि इंटरनेटचा दर एकदम खाली आला. यूपीआय त्याच वर्षीचं. जानेवारी २०१८ मध्ये व्हॉट्सॲप बिझनेस आलं. जून २०२० च्या अखेरीस टिकटॉकवर बंदी आली, तेव्हा त्यावर रमलेली आपल्याकडची कितीतरी तरुण पोरं जुलैत सुरू झालेल्या इन्स्टाग्राम रीलकडे वळली. कोरोनाच्या दोन वर्षांत आठवडे बाजार बंद, यात्रा बंद, मंदिरं बंद. त्या काळात भाजीच्या पिशव्या आणि द्राक्षाच्या पेट्या व्हॉट्सॲपवर नोंदणी घेऊन शहरातल्या सोसायट्यांत गेल्या. शिकवायला कुणी आलं नव्हतं. माल नासत होता, म्हणून लोक शिकले.

त्या घाईत शिकल्यामुळे पाया मात्र कच्चा राहिला, असं मला वाटतं. दुकानाचं स्टेटस रोज बदलतं, सणाच्या शुभेच्छांची रंगीत चित्रं न चुकता पडतात, एखादी रील हजारोंनी पाहिली जाते. आणि नकाशावर दुकानाची जागा शेजारच्या गल्लीत दाखवलेली असते, फोन नंबर जुना असतो, सोमवारी बंद असतं हे कुठे लिहिलेलं नसतं. पाहणारे हजार, पोहोचणारे चार. म्हणून या पुस्तिकेचा क्रम उलटा ठेवला आहे: आधी पत्ता, वेळ, फोन, फोटो आणि दर नीट करायचे, मग आलेल्या प्रत्येक विचारणेला उत्तर देण्याची व्यवस्था लावायची, आणि हे सगळं झाल्यावरच जाहिरातीला पहिला रुपया लावायचा. अचूक माहिती ही लहान व्यवसायाची पहिली जाहिरात आहे आणि तिला पैसे पडत नाहीत.

पत्त्याचा मुद्दा आपल्या दोन तालुक्यांत विशेष जपून हाताळावा लागतो. आंबेगाव हेच नाव घ्या. मूळ आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं. तालुक्याला नाव त्याचं, कचेऱ्या घोडेगावला आणि मोठी बाजारपेठ मंचरला. त्यात पुणे शहरात कात्रजजवळ आंबेगाव बुद्रुक आणि आंबेगाव खुर्द आहेत, दाट वस्तीचे, हजारो फ्लॅटचे. मोबाइलवर नुसतं आंबेगाव लिहून जाहिरातीचं ठिकाण निवडलं, तर ती जाहिरात कात्रजच्या लोकांना दिसू शकते आणि मंचरच्या ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचे पैसे दुचाकीवरून ऑफिसला जाणाऱ्यांवर खर्च होतात. ओझरचंही तेच. विघ्नहराचं ओझर आपलं, पण विमानतळाचं ओझर नाशिकजवळ. पिंपळगाव, राजुरी, वडगाव ही नावं तर महाराष्ट्रात जागोजागी सापडतील. म्हणून ठिकाण निवडताना नावावर विसंबू नये. नकाशावर स्वतः बोटाने खूण करावी, भोवती किलोमीटरचं वर्तुळ आखावं, किंवा पिनकोड द्यावा: जुन्नर ४१०५०२, मंचर ४१०५०३, नारायणगाव ४१०५०४. आणि आपल्या वर्णनात तालुका, जिल्हा, जवळची ओळखीची खूण असं सगळं लिहावं. लेण्याद्रीच्या पायथ्यापासून किती अंतर, आळेफाट्यावरून कल्याणच्या रस्त्याला वळायचं की नगरच्या, एसटी कुठपर्यंत येते, मोठी बस आत वळते का.

लिहिण्याच्या पद्धतीचाही विचार करावा लागतो. आपलं गिऱ्हाईक मराठीत बोलतं, पण मोबाइलवर पुष्कळदा रोमन अक्षरांत मराठी लिहितं. मासवडी शोधणारा कुणी मधलं अक्षर व्ही लिहील, कुणी डब्ल्यू. आळेफाटा कुणी एकत्र लिहील, कुणी तोडून. बोलून शोधणारे तर दिवसेंदिवस वाढत आहेत. तेव्हा व्यवसायाचं नाव पाटीवर आहे तेच आणि तसंच ठेवावं. वर्णनात मात्र मराठी देवनागरीत लिहावं, सोबत रोमन अक्षरांतही लिहावं आणि पदार्थांची, सेवांची नावं लोक म्हणतात तशी द्यावीत. ‘उत्कृष्ट दर्जाचे विविध खाद्यपदार्थ’ असं लिहिलेल्या खानावळीला शोधणारा कुणी नसतो. ‘मासवडी रस्सा, बाजरीची भाकरी, शाकाहारी-मांसाहारी वेगळी भांडी, पार्किंग’ असं लिहिलेली खानावळ शोधली जाते.

गूगलवरचं व्यवसायाचं पान फुकट असतं. पूर्वी त्याला गूगल माय बिझनेस म्हणत, २०२१ पासून गूगल बिझनेस प्रोफाइल म्हणतात. जवळपासच्या शोधात कोण वर दिसेल हे ढोबळमानाने तीन गोष्टींवर ठरतं: शोधलेल्या शब्दांशी तुमच्या व्यवसायाचा मेळ, शोधणाऱ्यापासूनचं अंतर आणि तुमची ख्याती, म्हणजे इतरत्र येणारा उल्लेख, रिव्ह्यू वगैरे. पैसे घेऊन पहिल्या क्रमांकाची हमी देणारे फोन दुकानदारांना सतत येतात. अशी हमी कुणीही देऊ शकत नाही. तो फोन ठेवून द्यावा आणि त्याच वेळात चार नवे फोटो टाकावेत.

आता गिऱ्हाईक कोण, हा प्रश्न. सगळेच, असं उत्तर देणाऱ्याने जाहिरातीच्या वाटेला जाऊ नये. मंचरच्या हार्डवेअर दुकानाचं गिऱ्हाईक पंधरा-वीस किलोमीटरच्या आतलं असतं. भीमाशंकरच्या वाटेवर मुक्कामाची सोय करणाऱ्याचं गिऱ्हाईक जाहिरात पाहताना ठाण्यात, पिंपरी-चिंचवडमध्ये बसलेलं असतं. गूगलच्या जाहिरातीत या दोघांसाठी वेगवेगळी खूण करावी लागते. त्या ठिकाणी असलेली माणसं, की तिथे असलेली आणि त्या ठिकाणाबद्दल शोध घेणारी, अशी दोन्ही. तुम्ही हात लावला नाही तर दुसरा पर्याय आपोआप लागू असतो. मुक्कामवाल्याला तो हवाच असतो. हार्डवेअरवाल्याने तो तसाच ठेवला, तर मंचरबद्दल काही शोधणाऱ्या दूरच्या माणसालाही सिमेंटची जाहिरात दिसते आणि त्याच्या क्लिकचे पैसे दुकानदाराच्या खात्यातून जातात.

याशिवाय एक गिऱ्हाईक असं आहे, जे वर्तुळात बसत नाही आणि पर्यटकही नाही. आपल्या घरोघरची माणसं पोटासाठी मुंबईला गेली, बाजारात माथाडी झाली, भाजीपाल्याच्या गाळ्यांवर बसली. पुढची पिढी भोसरी-चाकणच्या कारखान्यांत लागली. गावात त्यांना मुंबईकर, पुणेकर म्हणतात, पण यात्रेला, लग्नकार्याला, भाताच्या कापणीला ती येतात. घर बांधायचं तर गावाकडे, बोअर घ्यायची तर गावाकडे, मुलीच्या लग्नाला कार्यालय पाहायचं तेही गावाकडे. पैसा त्यांच्या हातात असतो, वेळ नसतो, आणि आल्यावर शोधत फिरण्यापेक्षा तिकडून ठरवून येणं त्यांना सोयीचं असतं. मंडपवाला, आचारी, फरशीवाला, सोलर बसवणारा, गावाकडचं किराणा सामान पोहोचवणारा, या सगळ्यांसाठी हे सोन्यासारखं गिऱ्हाईक आहे. कोणतंही यंत्र हे नातं ओळखत नाही. ते गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये असतं, यात्रेच्या कार्यक्रमपत्रिकेच्या चित्रात असतं. त्यांच्यासाठी तयार केलेला छोटा व्हिडिओ गावाचं, वाडीचं नाव घेऊन सुरू व्हायला हवा आणि त्यात नुकतंच पूर्ण केलेलं काम दिसायला हवं, घरमालकाला विचारून. मला विचाराल तर या दोन तालुक्यांतल्या लहान व्यवसायांची सर्वांत मोठी दुर्लक्षित संधी हीच आहे.

त्यांच्यापर्यंत पोहोचायची वाट मात्र सभ्य हवी. यात्रेच्या वर्गणीच्या यादीतून नंबर उचलायचे आणि दिवसाला तीन जाहिराती पाठवायच्या, हा प्रकार गावात नाव घालवतो. व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट यादी २५६ जणांची असते आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच तो निरोप जातो. ही मर्यादा मला फार शहाणी वाटते. ज्याने तुमचा नंबर जपून ठेवला आहे, त्याच्याशीच बोला, असं ती सांगते. शिवाय माणसाचा नंबर त्याच्या संमतीने आणि सांगितलेल्या कामापुरताच वापरावा, असा २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदाही आहे.

वेळ ही दुसरी मोठी गोष्ट आणि इथे आपल्याला शहरी पुस्तकांचा फारसा उपयोग नाही. आपलं वर्ष वेगळं चालतं. थंडी सरताना द्राक्षबागा तोडणीला येतात. १९ फेब्रुवारीला शिवनेरीवर शिवजयंतीची गर्दी, २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनानिमित्त खोडदच्या महाकाय दुर्बिणी पाहायला शाळांच्या गाड्या, त्याच सुमाराला महाशिवरात्रीला भीमाशंकर. चैत्र लागला की यात्रा, बैलगाडे, लग्नसराई. उन्हाळ्यात पश्चिम पट्ट्यातली आदिवासी कुटुंबं हिरडा गोळा करतात. पावसाळ्यात माळशेज आणि नाणेघाट, श्रावणात पुन्हा भीमाशंकर, भाद्रपदात गणपती, आणि अंगारकी आली की ओझर-लेण्याद्री. बारा महिने रोज थोडे पैसे लावत बसण्यापेक्षा या दिवसांच्या आधी ते लावावेत. आधी म्हणजे किती, हे गिऱ्हाईक कधी ठरवतं यावर आहे. रविवारची सहल बुधवार-गुरुवारी ठरते. चैत्रातल्या यात्रेचा मंडप माघातच ठरतो. आणि लग्नाचं कार्यालय तर तिथी निघाल्या की लगेच. जुन्नर तालुक्याला २०१८ मध्ये राज्य सरकारने विशेष पर्यटनाचा दर्जा दिला. त्याचा लाभ घराघरांत पोहोचवायचा असेल, तर हे वेळापत्रक प्रत्येक कृषी पर्यटन केंद्राच्या भिंतीवर असायला हवं.

पश्चिमेकडे गेलं की आणखी एक अडचण येते. आहुपे, घाटघरच्या बाजूला मोबाइलची रेंज भरवशाची नाही. पुण्यात बसून बुकिंग केलेल्या पाहुण्याचा नकाशा तिथे पोहोचता पोहोचता थांबतो आणि तो रस्ता चुकतो. म्हणून त्या भागातल्या यजमानांनी बुकिंग होताच वाटेचं वर्णन शब्दांत आणि एका चित्रात पाठवून द्यावं, पाहुण्याला ते मोबाइलमध्ये साठवायला सांगावं आणि रेंज जिथे सुटते त्या गावाचं नाव आधीच कळवावं.

पैशाची बाजू सोप्या आकड्यांत पाहू. समजा, एका कृषी पर्यटन केंद्राने द्राक्षहंगामात रोज २०० रुपयांप्रमाणे दहा दिवस जाहिरात केली. २००० रुपये झाले, त्यावर १८ टक्के जीएसटी धरून २३६०. चाळीस जणांनी व्हॉट्सॲपवर विचारलं आणि सहा कुटुंबं आली. म्हणजे एका कुटुंबामागे जाहिरातीचा खर्च सुमारे ३९३ रुपये. जेवण, मजुरी, वीज जाऊन एका कुटुंबामागे हजार रुपये राहत असतील, तर जाहिरात परवडली. तीनशेच राहत असतील, तर तोटा झाला, मग ती जाहिरात पन्नास हजार लोकांनी पाहिलेली का असेना. हा हिशेब मांडायला संगणक लागत नाही. वही लागते आणि प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला ‘तुम्हाला आमच्याबद्दल कुठे कळलं?’ हे विचारायची सवय लागते. फेसबुकवर पोस्टखाली बूस्टचं बटण असतं, ते दाबायला सोपं म्हणून पुष्कळ जण दाबतात. त्यात उद्दिष्ट निवडता येतं, हे पाहावं. आवडी मिळवायच्या नसून फोन किंवा मेसेज मिळवायचे आहेत, तशी निवड करावी.

आणि चाळीसांतले चौतीस का आले नाहीत, याचा शोध जाहिरातीपेक्षा मोलाचा असतो. बहुधा उत्तर उशिरा गेलेलं असतं. माणूस शेतात असतो, दूध घालायला गेलेला असतो, मोबाइल चार्जिंगला घरी असतो. विचारणारा तोवर दुसरीकडे बुकिंग करून मोकळा होतो. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये आपोआप जाणारा निरोप, नेहमीच्या प्रश्नांची तयार उत्तरं, मालाचा कॅटलॉग या सोयी आहेत. त्या एका संध्याकाळी लावून होतात. घरात बारावी झालेली मुलगी किंवा सून असेल, तर हे खातं तिच्याकडे द्यावं, आणि ते काम म्हणून द्यावं, मोबदल्यासह. बचत गटांच्या महिलांनी तयार केलेल्या पापड-कुरडया, मसाले, नाचणीचे पदार्थ यांना गिऱ्हाईक मिळतं ते उत्तर देणारं कुणी असेल तेव्हा.

खरेपणाबद्दल मी जरा कठोर लिहिलं आहे आणि ते तसंच राहू द्यावंसं वाटलं. हिरडा गुणकारी आहे, आयुर्वेदात त्याला मोठं स्थान आहे, आपल्या आदिवासी भागाचं ते उत्पन्न आहे. पण ‘मधुमेह मुळापासून बरा’ असं पाकिटावर किंवा रीलमध्ये म्हणणं हा गुन्हा आहे. १९५४ पासून तसा कायदा आहे. प्रमाणपत्र दाखवता येत नसेल, तर ‘सेंद्रिय’ लिहू नये. काय फवारलं आणि काय नाही, हे सरळ सांगावं, शहरातलं गिऱ्हाईक त्याचीही कदर करतं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो आणि तो जाहिरातीत बोलणाऱ्यालाही होऊ शकतो. गावातला रील करणारा तरुण पैसे किंवा फुकट जेवण घेऊन शिफारस करत असेल, तर ते त्याने सांगायला हवं. विकत घेतलेले रिव्ह्यू तर नकोच. गिऱ्हाइकाने वाईट लिहिलं, तर भांडू नये, ते पुसून टाकण्याच्या मागे लागू नये. काय चुकलं आणि काय सुधारलं हे दोन ओळींत लिहावं. पुढचं गिऱ्हाईक ते उत्तर वाचतं.

बिबट्याचं वेगळं सांगतो. जुन्नर आणि आंबेगावच्या उसात बिबटे आहेत, माणिकडोहला त्यांचं निवारा केंद्र आहे आणि या संघर्षात आपल्या गावांतली लहान मुलं, म्हातारी माणसं गेली आहेत. ‘मुक्कामाला या, बिबट्या पाहा’ अशी जाहिरात करणं मला सहन होत नाही. पाहुण्यांना रात्री बाहेर फिरू देऊ नये, मुलांना एकटं सोडू देऊ नये, हे जाहिरातीतच लिहिणारा यजमान माझ्या दृष्टीने जास्त भरवशाचा.

एक व्यवहाराची सूचना पुस्तिकेत वारंवार येईल, ती इथेही लिहून ठेवतो. पान, खातं, जाहिरातीचं बिल, सगळं व्यवसायाच्या मालकाच्या स्वतःच्या नंबरवर आणि ईमेलवर असावं. भाच्याने कॉलेजात असताना पान काढून दिलं, तो नोकरीला बाहेरगावी गेला, पासवर्ड विसरला. किंवा जाहिरात करून देणाऱ्याशी वाद झाला आणि त्याने पानच अडकवून ठेवलं. काही वर्षांत जमलेले फोटो, रिव्ह्यू, गिऱ्हाइकं एका दिवसात हातची जातात. नकाशावरच्या माहितीत बदल कुणीही सुचवू शकतो, त्यामुळे फसवणूक करणारे मुक्कामाच्या ठिकाणांचे नंबर बदलून आगाऊ रक्कम उकळतात, असेही प्रकार होतात. महिन्यातून एकदा आपलंच पान परक्याच्या नजरेने उघडून पाहावं आणि त्यावरच्या नंबरला फोन लावून पाहावा.

पुस्तिकेत काय नाही, तेही सांगायला हवं. परदेशी निर्यात, मोठ्या बाजारपेठी संकेतस्थळांवरची विक्री, लाखांच्या बजेटची आखणी यांत मी शिरलो नाही. ॲपची बटणं कुठे आहेत हेही कमी ठेवलं आहे, कारण ती दर काही महिन्यांनी हलतात. भर दिला आहे तो न बदलणाऱ्या गोष्टींवर: गिऱ्हाईक कोण, ते कधी ठरवतं, त्याला काय विचारायचं असतं, आणि आलेल्या रुपयाचा हिशेब. उदाहरणं दोन तालुक्यांतलीच घेतली आहेत, पण खेड, अकोले, संगमनेर किंवा पारनेरच्या वाचकालाही ती परकी वाटणार नाहीत.

वाचकाला एक विनंती आहे. पहिलं प्रकरण उघडण्याआधी दुसऱ्या कुणाच्या तरी मोबाइलवर आपल्या व्यवसायाचं नाव शोधा. नंबर चुकीचा असेल, जागा सरकलेली असेल, वेळ लिहिलेली नसेल, तर आजच दुरुस्त करा. जाहिरातीचं प्रकरण त्यानंतर वाचा.